जिन्याखालचा रंग

आमच्या घरातल्या एकाही भिंतीच्या रंगाला नाव नाही. दुकानातल्या शेडकार्डावर प्रत्येक रंगाखाली एक नाव असतं आणि एक नंबर. तसं आमच्याकडे काही नाही. हॉलच्या रंगाला आई ‘कढीचा’ म्हणते, स्वयंपाकघराच्या रंगाला ‘भिजवलेल्या डाळीचा’, आणि बाथरूमबाहेरच्या बोळाचा रंग कशासारखा आहे हे तिलाही अजून सुचलेलं नाही.

हे रंग धायरी फाट्याजवळच्या एका दुकानाच्या जिन्याखालून येतात. लोक शेडकार्ड बघून मशीनवर रंग बनवून घेतात, घरी जाऊन भिंतीवर एक हात मारतात आणि मग घरातलं कोणीतरी म्हणतं, हा नको. बनवलेला रंग खरं तर कोणी परत घेत नाही. पण गिऱ्हाईक नेहमीचा कंत्राटदार असला की दुकानदाराला नाही म्हणता येत नाही. ते डबे जिन्याखाली जातात. त्यांच्याबरोबर चुकीच्या प्रमाणात बनलेले डबे, अर्धे उरलेले डबे, झाकण चेपलेले डबे. ते सगळे अगदी स्वस्तात मिळतात, आणि आमच्या घराला इतक्या वर्षांत दुसरा कुठलाही रंग लागलेला नाही.

दुकानदार जुन्या पुण्यातले आहेत. आई जिन्याखाली वाकून डबे हलवून बघायला लागली की ते काउंटरवरून म्हणतात, “अहो ताई, हा लोकांना आवडला नाही म्हणून तिथे आहे. तुम्हाला आवडणार असेल तर अवश्य न्या.”

“वास नाही ना येत याला, भाऊ?”

“माझ्या नाकाला येत नाही. तुमचं नाक वेगळं असेल तर आताच हुंगून घ्या. एकदा परत आलाय, दुसऱ्यांदा घेणार नाही.”

आई हसते. मी दारात, चपलांच्या शेजारी उभी असायची. मागून दुसरं गिऱ्हाईक आलं की मी शेडकार्ड चाळायला घ्यायची, म्हणजे आम्ही तेही बघायला आलोय असं वाटावं.

आईची पद्धत ठरलेली आहे. सगळे डबे एका जुन्या ड्रममध्ये ओतायचे, एकेक वापरायचा नाही. नाहीतर दुपारी एक भिंत आणि संध्याकाळी दुसरीच होते. मग जुन्या नायलॉनच्या साडीच्या तुकड्यातून गाळायचं, म्हणजे सुकलेल्या पापुद्र्यांच्या गुठळ्या निघतात. मग स्वयंपाकघरातून निवृत्त झालेल्या ताकाच्या रवीने घुसळायचं. ऑइलपेंट कधीही मिसळायचा नाही, रंग दुधासारखा फाटतो. शेवटी एखाद्या जुन्या लग्नपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पट्टा ओढून पंख्याखाली वाळवायचा, कारण ओला रंग आणि वाळलेला रंग वेगळे. आमच्याकडे असल्या पत्रिकांचा गठ्ठा आहे. एका बाजूला अक्षता आणि आहेर, दुसऱ्या बाजूला आमच्या भिंती.

वडील नऱ्ह्याला कारखान्यात आहेत. त्यांचं रंगाबद्दलचं मत एवढंच, की “भिंत असल्याशी मतलब.”

आम्ही अमरावतीकडचे. मी लहान असताना आईवडील इथे आले. आई बाहेर पुण्याची मराठी बोलते, जपून, ‘अहो’ आणि ‘आपण’ लावून. घरात शिरली की चप्पल काढावी तशी ती मराठी दाराशी ठेवते आणि वऱ्हाडीत बोलायला लागते. मला तिने पोटाला चिमटा घेऊन इंग्रजी शाळेत घातलं. तिथे चित्रकलेच्या तासाला आपलं घर काढायला सांगायचे, तेव्हा मी भिंती आकाशी रंगवायची. माझ्या खडूंच्या पेटीत आमच्या घराचे रंग नव्हतेच.

चौथीत की पाचवीत असताना वर्गातली एक मुलगी वही न्यायला दारापर्यंत आली होती. त्या वर्षी हॉलचा रंग मध्येच संपला होता आणि पुन्हा तसा जमला नव्हता, म्हणून समोरची भिंत अर्ध्यातून दुसऱ्या रंगाची होती. ती आत वाकून बघत इंग्रजीत म्हणाली, तुमचं घर अजून बांधतायत का? मी हो म्हटलं. ती गेल्यावर आईने विचारलं, “काय म्हने वं?” मी म्हटलं, काही नाही. मला त्या वयात एवढं नक्की कळलं होतं, की घरात कोणाला येऊ द्यायचं नाही.

हे मी पाळलं. कॉलेजात पाळलं, खराडीला नोकरी लागल्यावरही पाळलं. घरून काम करायचे दिवस आले तेव्हा व्हिडिओ कॉलवर माझ्या मागे कायम धूसर पडदा असायचा. टीममध्ये एकजण म्हणायचा, ही बहुतेक धुक्यात राहते.

मग गेल्या वर्षी आईने माझी खोली रंगवली. जिन्याखाली तिला एक गडद हिरवा मिळाला, एक राखाडी, आणि तळाशी उरलेला थोडा गुलाबी. तो गुलाबी बघून मी म्हटलं, हा नको गं. ती म्हणाली, “चिमूटभर साखर टाकतो ना मी भाजीत, तसा हाये तो. तुले दिसनार बी नाही.” आमच्याकडे बायकाही ‘मी टाकतो’, ‘मी जातो’ असंच म्हणतात. शाळेत असताना मी तिला त्यासाठी टोकायची. आता टोकत नाही, पण कान अजून तिकडे जातो.

रंग वाळला तेव्हा मी दारातच थांबले. हिरवा म्हणावा तर हिरवा नाही, राखाडी म्हणावा तर तोही नाही. वाळलेल्या तुळशीच्या पानांचा असतो तसा काहीतरी. आमच्या खिडकीसमोरची इमारत इतकी जवळ आहे की त्यांच्या कुकरच्या शिट्टीवर आम्ही आमचा गॅस बंद केलेला आहे. संध्याकाळी तिकडून मऊसा उजेड आत आला की ती भिंत आतून पेटल्यासारखी दिसायची. कपाटामागचा एक कोपरा तेवढा राहिला होता, तिथपर्यंत येता येता रंग संपला. आई म्हणाली, “कपाट कोन सरकवते?” श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात तिने खरवडून घेतलेला थोडासा रंग ठेवला होता, पुढेमागे भिंतीला काही लागलं तर पुसायला.

त्या भिंतीचा फोटो मी स्टेटसला लावला. घरातली कुठलीही गोष्ट बाहेर दाखवायची माझी पहिलीच वेळ होती. नुसती भिंत, खिडकीची कड, आणि एक कुंडी.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मॅडम माझ्या खुर्चीजवळ आल्या. मॅडम म्हणजे माझ्या टीमच्या प्रमुख. आम्ही सगळे त्यांना नावाने हाक मारतो, पण मनात मी त्यांना मॅडमच म्हणते. त्या एरंडवण्यात वाढलेल्या, आता खराडीत नवा फ्लॅट घेतलेल्या, मनाने खरोखर चांगल्या.

“अगं, काय सुंदर शेड आहे ती! नंबर सांग ना मला. आम्ही नुसते कार्ड बघत बसलोय महिनाभर.”

“नंबर नाहीये,” मी म्हटलं. “आईने मिक्स केलाय.”

“आईने? स्वतः?” त्यांनी लगेच शेजारच्या टेबलाकडे मान वळवली. “ऐकलंत का, हिच्या आई रंग बनवतात घरी!”

मला वाटलं विषय संपला. पण संध्याकाळी मी घरी पोचल्यावर त्यांचा फोन आला आणि त्या म्हणाल्या, काकूंना दे. मी फोन स्पीकरवर ठेवला.

“काकू, मला तुमच्या हातची एक भिंत हवी आहे. अगदी तशीच. येणार का आमच्याकडे? रविवारी या ना घरी.”

आईने पदर सारखा केला. फोनवर कोणी बघत नसतं, तरी केला. “हो, येऊ ना,” ती तिच्या बाहेरच्या मराठीत म्हणाली. “आपण एवढं प्रेमाने बोलावताय तर येऊच.”

फोन ठेवल्यावर ती स्वयंपाकघरात जाऊन परत आली. मग म्हणाली, “तुया मॅडमनं मले घरी बोलावलं.”

इतकी वर्षं पुण्यात काढली, पण आईला कोणी घरी बोलावलेलं नव्हतं. हळदीकुंकवाला इमारतीतल्या बायका एकमेकींकडे जातात, ते जिन्यावरून हाक मारून. पण कोणी फोन करून, दिवस ठरवून, या म्हणून सांगितलंय, असं कधी झालं नव्हतं. रात्री वडील आले तेव्हा तिने त्यांना ताट वाढता वाढता तेच सांगितलं. वडील म्हणाले, “भिंत रंगवायला बोलावलं ना?”

“भिंतीचं तं निमित्त हाये,” आई म्हणाली. “घर दाखवाले बोलावतेत मानसं.”

पुढचा आठवडाभर ती तो रंग पुन्हा जमवत होती. जिन्याखालचा तो हिरवा आता नव्हता. दुसरे दोन आणले, बाटलीतला काळा थेंबथेंब टाकला, श्रीखंडाच्या डब्यातल्या रंगाशेजारी पत्रिकेवर पट्टे ओढले, वाळवले, पुन्हा ओढले. मी ऑफिसातून आले की मला पट्ट्यांसमोर उभं करून बघायला लावायची. “पाय बरं, यातला जुना कोनता?” शुक्रवारी मला सांगता आलं नाही. ती त्या रात्री निश्चिंत होऊन लवकर झोपली.

शनिवारी मला मॅडमचा मेसेज आला. सोसायटीच्या गेटला पास लागतो, काकूंच्या ओळखपत्राचा फोटो पाठव. मी पाठवला. थोड्या वेळाने आणखी एक मेसेज आला. रंगाची बादली आत न्यायची तर पास ‘पेंटर’ असाच काढावा लागतोय, त्या अ‍ॅपमध्ये दुसरा पर्यायच नाही, काकूंना वाईट नाही ना वाटणार? आणि हो, त्या कामाचे किती घेतील तेही विचारून ठेव.

मी तो मेसेज वाचत होते तेव्हा आई ओट्याशी सांबारवड्या तळत होती. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. थंडीत कोवळा सांबार मिळतो तेव्हाच ती या वड्या करते, आणि फक्त ज्यांच्याकडे पहिल्यांदा जायचं त्यांच्यासाठी इतक्या करते. तिने खास स्टीलचा डबा काढला होता. शेजारी निळी सिल्कची साडी इस्त्री करून घडी घातलेली होती, लग्नाकार्यालाच निघते ती.

मी मॅडमना लिहिलं, ओके. मग फोन पालथा ठेवला, पासचं आईला न सांगता.

रविवारी आम्ही बसने निघालो. मी कॅब करते म्हटलं, तर आई म्हणाली, रंगाच्या बादलीसाठी कोणी गाडी करतं का. बादलीच्या झाकणाला तिने चिकटपट्टी गुंडाळली होती. सिल्कची साडी, हातात कापडी पिशवी, पिशवीत डबा, ब्रश, रोलर आणि वडिलांचा कारखान्यातला जुना शर्ट, साडीवरून घालायला. कंडक्टरने पायाशी ठेवलेल्या बादलीकडे पाहिलं.

“काय आहे?”

“रंग आहे, दादा.”

“सांडला तर पूर्ण बस रंगवून द्यावी लागेल. अर्धवट चालणार नाही.”

“देईन की,” आई म्हणाली. “रंग मात्र माझ्या पसंतीचा.” दोन बाया हसल्या. ती त्या दिवशी फार खुशीत होती. स्वारगेटला बस बदलली तेव्हासुद्धा बादली तिने मला उचलू दिली नाही.

गेटवर सुरक्षारक्षकाने फोनमध्ये पाहिलं, मग आमच्याकडे पाहिलं. “पेंटर कोण?”

आईला वाटलं तो ‘पेंट कोणाकडे’ असं विचारतोय. “हा माझ्याकडे आहे,” ती म्हणाली. त्याने तिचा फोटो काढला आणि गळ्यात घालायला एक पिवळं कार्ड दिलं. मग मला म्हणाला, “मॅडम, तुम्ही गेस्ट. तुम्ही समोरच्या लॉबीतून जा. यांना मागच्या लिफ्टने.”

“आम्ही बरोबरच आहोत,” मी म्हटलं.

“बरोबर असाल, पण लिफ्ट वेगळी आहे.”

मी आईबरोबर मागे गेले. तिने पिवळं कार्ड सिल्कच्या पदरावर नीट मध्यभागी येईल असं ठेवलं होतं. मालाच्या लिफ्टच्या भिंतींना पुठ्ठे लावलेले होते. आई म्हणाली, “केवढी मोठी वं ही लिफ्ट. खाट बी मावीन.” मी तिच्याकडे पाहिलं नाही. ती खरंच असं समजतेय की मला सोपं जावं म्हणून बोलतेय, हे मला ठरवता येईना, आणि ठरवायचंही नव्हतं.

मॅडमनी दार उघडलं, हसून, अगदी मनापासून. “या, या काकू! किती लांबून आलात.” आईचे दोन्ही हात भरलेले होते. ती एका हाताने पिशवीतून डबा काढायला लागली तेवढ्यात त्या म्हणाल्या, “सगळं इथेच ठेवा ना, पेपर टाकलेत मी.” आत एका भिंतीशी वर्तमानपत्रं पसरलेली होती. आईने बादली ठेवली, पिशवी ठेवली. डबा हातात राहिला होता, तो क्षणभर धरून तिने तोही कागदावर ठेवला, रोलरशेजारी.

ती उभी राहून घर बघत होती. पाहुण्याला घर दाखवतात तसं आता कोणी दाखवेल म्हणून थांबली होती. मॅडमच्या घरात दुसऱ्या खोलीत त्यांचे यजमान कॉलवर होते. मॅडम म्हणाल्या, “पाणी हवं का काकू, रंगात घालायला?”

“नाही, नाही. तयारच करून आणलाय,” आई म्हणाली, आणि तिने वडिलांचा शर्ट चढवला.

चहा आला. चांगल्या कपात, सगळ्यांना सारख्या कपात आला, हे मी मुद्दाम पाहिलं. आई सोफ्यावर बसली नाही. साडीला रंग लागला असेल तर सोफा खराब होईल, म्हणाली, आणि कागदाच्या कडेवर पाय दुमडून बसली. तेव्हा साडीला काहीही लागलेलं नव्हतं. मी सोफ्यावर बसले होते. उठून खाली बसावं असं वाटत होतं, पण तसं केलं तर सगळ्यांच्या लक्षात येईल, असंही वाटत होतं. मी चहा लवकर संपवला आणि कप आत ठेवायच्या निमित्ताने उठले.

आईने रोलर फिरवायला घेतला. तिचा हात सुरेख चालतो, हे मला तिथे परक्या भिंतीसमोर पहिल्यांदा जाणवलं. पण वरपासून खालपर्यंत एक रुंद पट्टा पूर्ण झाला आणि मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. दुसऱ्या पट्ट्यानंतर आईही थांबली.

तो रंग तो नव्हता. चिखलाचा होता. पावसाळ्यात गाडीच्या चाकांवर वाळतो तसला.

“वाळल्यावर येईल,” आई म्हणाली. मॅडमनी पंखा लावला. आम्ही तिघी भिंतीकडे बघत उभ्या राहिलो. रंग वाळत गेला आणि चिखल फक्त फिका झाला. आईने पिशवीतून लग्नपत्रिका काढली, घरून जमवून आणलेला पट्टा भिंतीला लावून पाहिला. तोच होता. पत्रिकेवरचा पट्टाही इथे चिखलाचाच दिसत होता.

“तोच हाये वं,” ती माझ्याकडे वळून म्हणाली. बाहेरची मराठी तिच्या हातून सुटली होती. “पाय ना, तोच तं हाये!”

मी खिडकीकडे पाहिलं. पूर्ण भिंतभर काच होती, आणि तिच्यापलीकडे काहीच नव्हतं. नुसतं आकाश. खाली पांढरी फरशी. मग माझ्या लक्षात आलं. आमच्या खिडकीसमोरची ती जवळची इमारत हळदीच्या रंगाची आहे. ऊन तिच्या भिंतीवर पडतं आणि मग आमच्या खोलीत येतं. आमच्या भिंतीवर जो रंग मी फोटोत पकडला होता, त्यातला अर्धा त्या इमारतीचा होता. इथे स्वच्छ उजेड होता, आणि स्वच्छ उजेडात आमचा रंग असा होता.

हे मी तिथे बोलू शकले असते. पण ते सांगायचं तर आमची खिडकी सांगावी लागली असती, ती इमारत, ते अंतर. 

मॅडम माझ्याजवळ आल्या आणि हळू आवाजात इंग्रजीत म्हणाल्या, जमेल तसं गोड शब्दांत सांग ना त्यांना, राहू द्या म्हणावं. उद्या आमचा पेंटर येईल, तो पांढरा मारून टाकेल. मला त्यांना दुखवायचं नाहीये.

मला इंग्रजी शाळेत कशासाठी घातलं होतं, याचा त्या क्षणी मला अर्थ लागेना. मी आईकडे वळले. “आई,” मी म्हटलं, “मॅडम म्हणतायत...”

“समजलं मले,” आई म्हणाली. रोलर तिने कागदावर ठेवला होता आणि शर्टाची बटणं काढत होती. मग मॅडमकडे वळून पुन्हा नीट मराठीत, “अहो, तुमच्या घराला हा शोभत नाही. भिंत उगीच खराब झाली तुमची.”

“छे, छे काकू! तुमचा वेळ गेला. आणि तुमचं जे काही होतं ते घेतल्याशिवाय मी सोडणार नाही हं.” त्यांनी एक पाकीट पुढे केलं.

आईने पाकिटाकडे पाहिलं. मला वाटतं, तोपर्यंत तिच्या मनात कुठेतरी ती अजून पाहुणी होती. “नाही,” ती म्हणाली. “भिंत झालीच नाही तर कशाचं?” ती तेव्हा पेंटरसारखंच बोलली, आणि अगदी सहज.

आम्ही सामान गोळा केलं. मॅडम कागद गुंडाळायला वाकल्या आणि त्यांच्या हाताला डबा लागला. “अय्या, काकू, तुमचा डबा राहत होता! जेवलातच नाही का तुम्ही? सांगायचं ना, ताट दिलं असतं मी.”

मी तोंड उघडलं. आई माझ्या आधी बोलली.

“भूक नव्हती,” ती म्हणाली आणि डबा पिशवीत ठेवला.

खाली गेटवर सुरक्षारक्षकाने पिशवी उघडायला सांगितली. कामाला येणाऱ्यांची जाताना तपासणी होते, असा नियम होता. त्याने बादलीचं झाकण उचललं, पिशवीत हात घातला. “हे काय?”

“आमचंच आहे,” मी म्हटलं. माझा आवाज इतका खाली गेला होता की तो “काय?” म्हणाला.

“जेवणाचा डबा,” आई म्हणाली, आणि पिवळं कार्ड गळ्यातून काढून त्याला परत दिलं.

बसमध्ये बसायला जागा मिळाली.  येरवड्याच्या पुढे कुठेतरी आईने पिशवीतून डबा काढला, मांडीवर उघडला. बसभर सांबाराचा वास पसरला. पुढच्या सीटवरच्या माणसाने मागे वळून पाहिलं.

“घे,” ती म्हणाली. “गार झाल्यावर तेल लागते मंग.”

मी घेतली. ती वडी संपवली आणि दुसरीही घेतली. तेवढंच मला त्या दिवशी तिच्यासाठी करता आलं.

“आई, आपल्या समोरची बिल्डिंग पिवळी आहे ना,” मी बऱ्याच वेळाने म्हटलं, “त्यामुळे आपल्याकडे...”

ती खिडकीबाहेर बघत होती. “हो ना,” ती म्हणाली. “मले बी तिथंच समजलं. पट्टा लावून काचेकडं पायलं तवा.”

म्हणजे तिलाही समजलं होतं, आणि तीही तिथे बोलली नव्हती. आमचं घर परक्यांना कळू नये एवढं मी आयुष्यभर जपत आले, ते एकटी मीच जपते असं मला वाटत होतं.

सोमवारी ऑफिसात मॅडम म्हणाल्या, काकू किती गोड आहेत गं. मी हो म्हटलं. त्यांची ती भिंत आता पांढरी आहे, कॉलवर त्यांच्या मागे दिसते. माझ्या मागे धूसर पडदाच असतो.

पुढच्या रविवारी मी उठले तेव्हा आई माझ्या खोलीत कपाटाला खांदा लावून उभी होती. वडिलांनी दुसऱ्या बाजूने धरलं होतं. खराडीहून परत आणलेली बादली दारात होती.

“सरक तिकडं,” आई मला म्हणाली. “एवढा रंग वाया थोडीच घालवतो मी?”

कपाटामागचा राहिलेला कोपरा तिने रंगवला. वाळायला दुपार गेली. संध्याकाळी समोरच्या इमारतीवरचं ऊन आत आलं तेव्हा तिने मला हाक मारली. “पाय बरं. कुठून जोड हाये?”

मी जवळ जाऊन पाहिलं, मग लांबून. भिंतीवर हात फिरवला. जुनं कुठे संपतं आणि नवं कुठे सुरू होतं ते मला सापडलं नाही. त्या आठवड्यात पत्रिकेवर मला सापडलं नव्हतं, तसंच. तिने तो रंग अचूक जमवला होता, आणि हे मी सोडून कोणाला कळणार नव्हतं.

मी फोन काढला. तो उजेड फार वेळ टिकत नाही.

आई दारात धुतलेला ब्रश फडक्याने पुसत होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि हसली. “काढ फोटो,” ती म्हणाली. “पन त्या स्टेटसले लावू नको, माय. नाही तं पुन्हा कोनी घरी बोलवीन मले.”

वडीलही हसले. मला हसता आलं नाही. मी फोटो न काढताच फोन खिशात ठेवला. मग आम्ही तिघांनी मिळून कपाट ढकललं आणि परत त्या कोपऱ्यासमोर नेऊन ठेवलं.